कासव मेलंय की श्वास धरून बसलंय? तपासायची पद्धत, पायरी पायरीने

दर पावसाळ्यात तेच होतं. बडोद्यात विश्वामित्री नदी चढली की सोसायटीच्या ग्रुपवर फोटो येतो, पार्किंगमध्ये कासव, मान लोंबतेय, खाली कोणीतरी लिहितं "गेलं बिचारं", आणि अर्ध्या तासात त्याला एकतर बागेत पुरतात नाहीतर "पाण्यातलं जनावर आहे, पाण्यात टाका म्हणजे सावरेल" म्हणून भरल्या बादलीत सोडतात. दोन्ही चूक. बादलीवाली जास्त मोठी चूक, कारण बेशुद्ध कासव पाण्यात बुडून मरतं, अगदी आपल्यासारखंच.

उन्हाळ्यात दुसरा प्रकार. तलाव किंवा कांस (पावसाळी पाण्याचा नाला) साफ करायला जेसीबी येतो, कोरड्या चिखलातून कासवं निघतात, दगडासारखी गप्प, आणि ती गाळाबरोबर डंपरमध्ये जातात. त्यातली बरीचशी जिवंत असतात, पाणी आटलं म्हणून मातीत जाऊन झोपलेली.

सगळा घोळ होतो तो आपण कासवाचा श्वास कुत्र्यामांजराचा बघतो तसा बघतो म्हणून. म्हणून आधी थोडं आतलं, मग पायऱ्या. क्रम बदलू नका.

## आधी एवढं डोक्यात बसवा

कुत्रं झोपलं असलं तरी श्वास दिसतो, बरगड्या वरखाली होतात. कासवाच्या बरगड्या पाठीच्या ढालीतच जोडल्या गेल्यात, त्या हलूच शकत नाहीत, त्यामुळे छाती फुगणं हा प्रकारच नाही. आपल्याला छाती आणि पोटाच्या मधे जो स्नायूचा पडदा असतो तोही तसा नाही. फुप्फुसं ढालीला आतून लागून, वरच्या बाजूला, आणि त्यांच्याखाली यकृत, जठर, आतडी. आता पायांच्या खोबणीत, खास करून मागच्या पायांच्या पुढे, स्नायूंचे पातळ थर असतात. एक आवळला की आतडी वर ढकलली जातात आणि हवा बाहेर पडते, दुसरा आवळला की खोबणीची कातडी ताणली जाते, आत जागा होते आणि हवा आत येते. पाय आतबाहेर करण्यानेही आतली जागा कमीजास्त होते.

यातून तीन गोष्टी आपोआप निघतात. कासव उलटं ठेवलं की सगळी आतडी फुप्फुसांवर बसतात. पाय आत दाबून सुतळीने बांधले किंवा घट्ट पोत्यात कोंबलं की श्वासाचा भाताच बंद. आणि नाकाकडे किंवा छातीकडे बघून काही कळणार नाही, बघायचं ते मागच्या पायांपाशी.

तालही वेगळा असतो. श्वास सोडतं, लगेच घेतं, आणि मग धरून बसतं, असे एकदोन किंवा चारपाच श्वास एकामागून एक आणि मग लांबलचक विश्रांती. जनावर थंड असेल तर ही विश्रांती आणखी लांबते, कारण शरीर गार पडलं की ऑक्सिजन कमीच लागतो. जानेवारीतल्या पहाटे सापडलेलं कासव एक मिनिट बघून "श्वास नाही" म्हणणं म्हणजे एसटी स्टँडवर एक मिनिट थांबून गाडी बंद झाली म्हणण्यासारखं आहे.

## सामान काढून ठेवा

कासवाला हात लावण्याआधी हे जवळ असू द्या: खोल प्लास्टिकचा टब किंवा पुठ्ठ्याचा खोका (झाकण असेल तर भरपूर भोकं पाडलेला), दोन जुने टॉवेल, रबरी हातमोजे नाहीतर नंतर धुवायला साबण, टॉर्च, आणि मोबाइल टेकवून ठेवायला काहीतरी. कासवांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात, लहान मुलांना लांब ठेवा आणि स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये काही धुवू नका.

फोन आत्ताच करून टाका, तपासणी झाल्यावर नाही. वनखात्याला किंवा ओळखीच्या प्राणी बचाव पथकाला कळवा, जखमी जनावरासाठी गुजरातेत १९६२ ही करुणा ॲम्ब्युलन्स आहे. पुराच्या दिवसांत त्यांना यायला वेळ लागतो, खालचं सगळं त्या मधल्या वेळेसाठी आहे, घरी पाळण्यासाठी नाही. आपल्याकडचं जंगली कासव घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

आरसा शोधत बसू नका. नाकापुढे आरसा धरून वाफ बघायची ही माणसाची युक्ती, आपला श्वास गरम असतो म्हणून काच धुरकटते. कासवाचा श्वास आसपासच्या हवेइतकाच गार, काच स्वच्छ राहते आणि जिवंत जनावर मेलेलं ठरतं.

## १. कोण आहे ते बघा

दुरूनच बघा, घाई नको. बडोद्यात सापडतात ती मुख्यतः चार.

पाठ गुळगुळीत घुमटासारखी आणि पोटाच्या बाजूला मागच्या पायांवर कातडीच्या झडपा असतील तर ते तळ्यातलं झडपेवालं कासव, मातीत झोपणारं तेच. पाठ चपटी, कातडीसारखी मऊ आणि नाक नळीसारखं पुढे आलेलं असेल तर नदीचं मऊ पाठीचं कासव, शहरातल्या सुरसागर तलावात वर्षानुवर्षं लोक ज्यांना बघायला काठावर उभे राहतात ते. पाठीवर पिवळ्या चांदण्या असतील तर स्टार कासव, हे जमिनीवरचं, याला पोहता येत नाही. आणि डोळ्यामागे लाल पट्टा असेल तर दुकानातून आणलेलं परदेशी, कोणाच्या तरी टाकीतून सुटलेलं.

सावधान: स्टार कासव "तहानलं असेल" म्हणून टबात सोडलेलं मी दोनदा बघितलंय. थेट तळाशी जातं.

आणि हो, नदीकाठच्या भागात असाल तर आधी आजूबाजूला टॉर्च मारा. पुरात कासव येतं त्याच वाटेने मगरही येते.

## २. उचलायचं कसं

मऊ पाठीच्या कासवाची मान लांब असते, आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप मागे वळते, बाजूने धरलं तर बोटाला चावा ठरलेला. तोंडावर ओला टॉवेल टाका, मग ढालीच्या मागच्या कडेला, मागच्या पायांपाशी दोन्ही हातांनी धरा, तोंड स्वतःपासून लांब. बाकीची दोन्ही बाजूंनी मधोमध धरली तरी चालतात. शेपटीने लोंबकळत नेऊ नका, मणके दुखावतात.

पोट खाली, पाठ वर. पूर्ण वेळ. "मुलांना पोट दाखवतो जरा" हे पण नको.

गळ अडकलेला असेल तर ओढू नका, दोर वीतभर ठेवून कापा, बाकी डॉक्टर बघतील.

## ३. सावलीत ठेवा आणि हात लावू नका

टबात ओला टॉवेल, त्यावर कासव, जागा शांत. मऊ पाठीच्या कासवाची कातडी सुकता कामा नये, टॉवेल ओलाच ठेवा, पण नाक उघडं.

गार पडलेलं असेल तर लोक लगेच हेअर ड्रायर घेतात, गरम पाण्याची पिशवी ठेवतात, दुपारच्या उन्हात ठेवतात. नको. अंग पटकन तापलं की ऑक्सिजनची भूक आधी वाढते आणि श्वास मागून सुरू होतो, मधल्या मधे जनावर जातं. खोलीचं नेहमीचं तापमान आणि दोनतीन तास, एवढंच औषध.

पाणी पाजू नका, तोंडात काही घालू नका.

## ४. श्वास बघा, पंधरा मिनिटं

ही खरी पायरी, आणि सगळ्यात जास्त लोक हिथेच कंटाळतात.

मोबाइल टबाच्या कडेला टेकवा, कॅमेरा मागच्या पायाच्या खोबणीवर, टॉर्च बाजूने म्हणजे सावली पडेल, आणि पंधरा मिनिटांचा व्हिडिओ करून तुम्ही खोलीबाहेर जा. तुम्ही समोर वाकून बसलात तर कासव घाबरून आत ओढून घेतं आणि श्वास आणखी धरून ठेवतं. मग व्हिडिओ दुप्पट वेगाने बघा, त्या वेगात बारीक हालचाल उठून दिसते.

काय शोधायचं: मागच्या पायापुढची कातडी किंचित आत जाते आणि लगेच फुगते. काही वेळा पुढचे पाय किंवा मान केसभर बाहेर येऊन परत आत जातात. झडपेवाल्या कासवाने झडपा मिटल्या असतील तर मागचं काही दिसत नाही, मग पुढचे पाय आणि मान यांच्यामधली कातडी बघा. प्रत्येक श्वासाची वेळ कागदावर लिहा, डॉक्टरला तो कागद तुमच्या दहा फोटोंपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

इथे फसगत होते: हनुवटीखालचा गळा लपलप हलतो, लोकांना वाटतं हाच श्वास. तो मुख्यतः वास घेण्यासाठी असतो, त्याने फुप्फुसात हवा जात नाही. गळा हलतोय म्हणजे जिवंत आहे एवढं नक्की, पण श्वास नीट चाललाय असा त्याचा अर्थ नाही.

याच्या उलटही होतं. मऊ पाठीचं कासव तळ्यात पाण्याखाली बसून गळा हलवत असेल तर ते बुडत नाहीये, ती कासवं घशाच्या अस्तरातून आणि कातडीतून पाण्यातला ऑक्सिजन थोडाफार घेतात, त्याला "वाचवायला" उडी मारू नका. रील्समध्ये कासव बुडाने श्वास घेतं म्हणून सांगतात ना, ती मुख्यतः ऑस्ट्रेलियातल्या फिट्झरॉय नदीच्या कासवाची गोष्ट, आपल्या मऊ पाठीच्यांकडे ती सोयच नाही.

## ५. श्वास दिसला नाही तर प्रतिसाद बघा

क्रमाने, प्रत्येकाच्या मधे मिनिटभर थांबून:

शेपटीचं टोक बोटांनी हलकं चिमटा. मागचा पाय हळू बाहेर ओढून सोडा, जिवंत असेल तर तो थोडा तरी परत आत जातो. ओल्या कापसाने डोळ्याच्या कोपऱ्याला स्पर्श करा, पापणी हलते का. जबड्याला बोट लावून बघायच्या भानगडीत पडू नका, बेशुद्ध वाटणारं कासव पण चावतं.

एकाही गोष्टीला प्रतिसाद नसला तरी निकाल देऊ नका. एक तासाने परत, मग दर तासाला.

## ६. पाण्यात बेशुद्ध सापडलं असेल तर

जाळ्यात किंवा जाळीत अडकलेलं, पाण्याच्या टाकीत सापडलेलं, पुराच्या पाण्याखालून काढलेलं, हे सगळे त्यात. एरवी आरामात बराच वेळ पाण्याखाली राहणारं कासव जाळ्यात धडपडलं की ऑक्सिजन भराभर संपवतं, म्हणून "कासव कसं बुडेल" हा प्रश्नच विचारू नका.

अ) लहान कासव असेल तर डोकं खाली, शेपूट वर असं दोन्ही हातांनी धरा, दुसऱ्या कोणाला तरी मान हलकेच सरळ करायला सांगा, काही सेकंदात तोंडातून पाणी गळतं. झटकू नका, गरगर फिरवू नका.

आ) मग पोटावर ठेवा आणि मागचा भाग उंच करा. समुद्री कासवांना वाचवायची जी ठरलेली पद्धत आहे त्यात मागची बाजू कमीत कमी १५ सेंटीमीटर उचलतात, आपल्या ताटाएवढ्या कासवाला तीनचार बोटं पुरतात. उतार डोक्याकडे हवा.

इ) मधून मधून ढालीची एक बाजू थोडी उचला, ठेवा, मग दुसरी. पुढचे पाय हळूच आतबाहेर केले तरी चालतं, खोबणीचा भाता हलतो त्याने.

ई) आणि थांबा. चार तास तर नक्कीच, समुद्री कासवांसाठी २४ तासांपर्यंत थांबायला सांगतात, कारण इतक्या वेळानंतरही ती शुद्धीवर येतात.

हे करू नका: पोटाकडचं कवच दाबणं (फुप्फुसं वरच्या बाजूला आहेत, तुम्ही आतडी चेपताय), नाकात फुंकणं, तोंडाने श्वास देणं, आणि पुन्हा तेच, पाण्यात परत टाकणं.

हे लिहिण्याचं कारण माझी आत्या. ऑगस्ट २०२४ च्या पुरात कारेलीबागेत तिच्या घरात गुडघाभर पाणी, ते उतरल्यावर फाटकाच्या जाळीत एक झडपेवालं कासव अडकलेलं मिळालं, मान बाहेर, डोळे मिटलेले. शेजारचे काका म्हणाले, "काचबो मरी गयो, नाखी दो." (कासव मेलं, टाकून द्या.) मी पण फावडं घेऊन निघालो होतो, खोटं कशाला बोलू. आत्या म्हणाली, "अरे थांब, वास येत नाहीये अजून त्याला," आणि देवघरातला पाट आणून त्याच्या मागच्या बाजूखाली सरकवला, तो पण तिने वाचलं होतं म्हणून नाही, "तोंडातलं पाणी तरी गळेल" म्हणून. लाइट नव्हती, मोबाइलच्या टॉर्चवर दर तासाला मी शेपूट चिमटायचो, संध्याकाळी सातला काही नाही, आठला नाही, दहाला नाही. मग मी झोपलो. पहाटे पावणेचारला आत्याने हलवून उठवलं, शेपूट चिमटली तर ती मुंगी चावल्यासारखी आत ओढली गेली, एवढंच, डोळे मिटलेलेच. मान वर करायला आणखी दोन तास लागले. पाट आता देवघरात नाही, तो वेगळा विषय.

शुद्धीवर आलं तरी लगेच खोल पाणी नको. पाय चारही हलतायत, मान उचलून धरतंय, हे दिसल्यावर टबात इतकंच पाणी की डोकं खाली टेकवलं तरी नाकपुड्या बाहेर राहतील. आणि डॉक्टरला दाखवायचंच, फुप्फुसात गेलेल्या घाण पाण्याने दोनचार दिवसांनी न्यूमोनिया होतो.

## ७. श्वास आहे पण बरोबर नाही

हे घरी टाकीत लाल पट्ट्याचं कासव ठेवणाऱ्यांनी नीट वाचा. प्रत्येक श्वासाला मान वर ताणून तोंड उघडतंय, नाकातून बुडबुडे किंवा शेंबूड, शिट्टीसारखा आवाज, डोळे सुजलेले, किंवा पोहताना एका बाजूला कलंडतंय. शेवटचं सगळ्यात फसवं. एका फुप्फुसात पाणी किंवा पू साठला की ती बाजू जड होते आणि कासव तिरकं तरंगतं, लोक त्याचा व्हिडिओ करून हसतात.

कासवाला आपल्यासारखं खोकता येत नाही, जोर लावायला तो पडदाच नाही. आत साठलेलं आतच राहतं, म्हणून "दोन दिवस बघू" करू नका. माणसाचं अँटिबायोटिक फोडून देऊ नका. टाकीत चढून बसायला कोरडी, उबदार जागा आहे का बघा, नसेल तर निम्मं कारण तिथेच आहे, आणि खायला नुसते सुके दाणे देत असाल तर अ जीवनसत्त्व कमी पडून डोळे सुजतात आणि नाकाघशाचं अस्तर पण बिघडतं.

## ८. मेलंय हे कधी म्हणायचं

हृदयाच्या ठोक्यावर जाऊ नका, दोन्ही बाजूंनी फसवतं. गार कासवाचा ठोका इतका मंद असतो की हाताला लागत नाही, आणि खरंच मेलेल्या कासवाचं हृदय बऱ्याच वेळाने पण फडफडत राहतं. उत्तर अमेरिकेतलं एक रंगीत कासव बर्फाळ पाण्यात ऑक्सिजन नसताना महिनोन्महिने तग धरतं, साठलेलं आम्ल चक्क आपल्या ढालीतल्या चुन्याने मारतं, अशा जातकुळीच्या जनावराला दहा मिनिटांत मृत ठरवायची घाई कशाला.

डोळे खोल गेलेले आणि सुकलेले, कातडी हाताला सुटून येतेय, कुजका वास, आणि २४ तासांत एकही प्रतिसाद नाही, हे सगळं एकत्र दिसलं तरच. तरीही पुरू नका, वनखात्याला द्या.

## कासव नसेल तर

घोरपड: पळून दमलेली घोरपड गळा फुगवत उभी असेल तर ती चिडलेली असेलच असं नाही, पळताना अंग डावीउजवीकडे वळतं आणि त्याच बरगड्यांनी श्वास घ्यायचा असतो, म्हणून ती गळ्यानेही हवा आत ढकलते. जागा द्या, जाईल.

साप: बहुतेक सापांना कामाचं एकच फुप्फुस, उजवं, लांबच लांब. श्वास अंगाच्या पुढच्या भागात कडेला दिसतो. बागेच्या जाळीत अडकलेल्या धामणीचं अंग आवळलं जातं आणि ती गुदमरते, पण जाळी कापायचं काम सर्पमित्राचं. २०२४ मध्ये आपल्या बडोद्यातच बेशुद्ध दिवडाला तोंडाने श्वास देऊन वाचवल्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला होता, ते बचावकाम करणारे होते आणि दिवड बिनविषारी, तुम्ही घोणसच्या तोंडाला तोंड लावाल म्हणून सांगतोय.

मगर: हिची काहीच तपासणी नाही. पोटातला एक स्नायू यकृताला मागे ओढतो आणि फुप्फुसं पसरतात, घशातली झडप बंद करून ती नुसत्या नाकपुड्या वर ठेवून पडून राहते, आणि श्वासांमधे बराच वेळ जातो. निश्चल मगर म्हणजे थांबलेली मगर. काठी टोचू नका, गेट बंद करा, फोन करा.

## सोपवताना

खोक्यावर कागद चिकटवा: कुठे मिळालं (रस्ता, जवळची खूण), किती वाजता, पाण्यात की कोरड्यात, श्वासांच्या वेळा, पहिला प्रतिसाद कधी. त्यावरून ते कुठे सोडायचं हे वनखातं ठरवतं, तुम्ही जवळच्या तलावात सोडून मोकळे होऊ नका. आणि लाल पट्ट्याचं असेल तर सुरसागरात तर अजिबातच नाही, ते तिथलं नाही आणि तिथल्यांच्या खाण्यावर आणि उन्हाच्या जागेवर बसतं, टाकी परवडत नसेल तर ज्या डॉक्टरला दाखवता त्यांनाच विचारा कोण घेईल.